नळवाले आणि पंगतवाले

दूध उतू गेलं, शेगडीवरून ओट्यावर उतरलं आणि साखरेच्या डब्याच्या बुडाशी जाऊन साचलं, तेव्हा त्रिविक्रमच्या लक्षात आलं की आज अण्णांचा फोन आलेला नाही. या घरात दूध कधी उतू जात नसे आणि त्याचं श्रेय तो मनातल्या मनात स्वतःच्या दक्षतेला देत आला होता. व्यवस्था तशी साधी होती. दिवेलागणीला दूध तापत ठेवायचं. ते वर यायच्या बेताला बंगळुरूच्या दुसऱ्या टोकाहून, के. आर. पुरमहून, वडिलांचा फोन यायचा. तो एका हातात धरून दुसऱ्या हाताने गॅस बंद करायचा. फोन इतका लहान असायचा की दुधाला अंगात यायला सवडच मिळायची नाही. "हॅलो, विकू? आवाज येतोय?" "येतोय, अण्णा." "स्पष्ट?" "स्पष्ट." मग जरासा थांबा. मग, 'बरं'साठी कानडी शब्द वापरून, "सरी. ठेवतो." संपलं. आई गेल्यापासून रोज हाच फोन, याच शब्दांत, सणावारी आणि लॉकडाऊनमध्येसुद्धा. आणि आज बनशंकरीतल्या या तिसऱ्या मजल्यावर, हातात ओलं फडकं घेऊन, संवादशास्त्राचा एक नावाजलेला प्राध्यापक न वाजणाऱ्या फोनकडे बघत उभा होता. त्याला काहीतरी खटकलं. ते काय, हे त्याने लगेच ओळखलं आणि तितक्याच तत्परतेने ते दुधाच्या वासावर ढकललं. कारण खटकलेल्या गोष्टीचं नाव होतं रविवारचं भाषण.

रविवारी मराठी मंडळात त्याचं भाषण झालं होतं. विषय, 'संवादशास्त्र आणि वैज्ञानिक प्रतिमानं'. इंग्रजीत त्याने हे भाषण इतक्या ठिकाणी दिलं होतं की झोपेतून उठवलं तरी दिलं असतं, पण मराठीत पहिल्यांदाच. मंडळाचे अध्यक्ष प्रतापराव यांनी ओळख करून देताना सांगितलं की सर संभाषणकला शिकवतात, त्यामुळे मागच्या रांगांतली पुण्या-नागपूरकडची आयटीतली मुलं मुलाखतीत कसं बोलावं हे टिपून घ्यायला फोन उघडून बसली. पुढच्या रांगांत सरकारी कारखान्यांतून आणि प्रयोगशाळांतून निवृत्त झालेली जुनी मंडळी होती, शाली पांघरून, साबुदाणावड्याच्या वासाकडे एक नाक ठेवून. त्रिविक्रमने सुरुवात केली. शास्त्र म्हणजे विटेवर वीट चढत जाते असं आपल्याला वाटतं, तो म्हणाला, पण तसं होत नाही. एखाद्या शास्त्रातली माणसं वर्षानुवर्षं एका चौकटीत सुखाने नांदतात. कुठले प्रश्न विचारायचे, कुठली उत्तरं चालतील, हे चौकट ठरवते. चौकटीत न बसणाऱ्या गोष्टी दिसतात, नाही असं नाही, पण घरातल्या पसाऱ्यासारख्या त्या पलंगाखाली ढकलल्या जातात. मग पलंगाखाली जागा उरत नाही, आणि एक दिवस कोणीतरी पलंगच हलवतो. चौकट बदलली की शब्द तेच राहतात, अर्थ बदलतात, आणि जुने-नवे एकमेकांशी बोलत असूनही एकमेकांना कळेनासे होतात. जुन्यांना कोणी पटवू शकत नाही. ते फक्त निवृत्त होतात. पुढच्या रांगांनी हे वाक्य फारशा उत्साहाने घेतलं नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. त्रिविक्रमची ख्याती पुढच्या भागासाठी होती. संवादाच्या अभ्यासाची पहिली चौकट दिली टेलिफोनच्या इंजिनियरांनी. एक पाठवणारा, एक घेणारा, मध्ये तार, तारेतून जाणारा निरोप आणि त्यात खरखर करणारा अडथळा. बोलणं म्हणजे इकडचं तिकडे पोचवणं. हिला तो 'नळ' म्हणायचा. मग दुसरे आले. ते म्हणाले, पोचवण्याचं काय घेऊन बसलात? माणसं बोलतात ती काही कळवण्यासाठी थोडीच! एकत्र बसण्यासाठी, आपण एका जगात आहोत हे पुन्हा पुन्हा पक्कं करण्यासाठी बोलतात. ही 'पंगत'. पंगतीत वाढलेल्या भातात बातमी नसते, म्हणून कोणी पंगत सोडून उठत नाही. त्रिविक्रम स्वतः कडवा पंगतवाला. त्याच्या विभागात पाच प्राध्यापक होते आणि पाच जणांच्या पाच चौकटी होत्या, त्यामुळे विभागाच्या बैठकीत फक्त कॉफी कोणी मागवायची यावर एकमत होत असे, पण नळवाल्यांना हसायचं म्हटलं की सगळे पंगतवाले व्हायचे. वर्गात या हशासाठी त्याच्याकडे एक हुकमी उदाहरण होतं. रविवारी ते त्याच्या टिपणांत नव्हतं. पण सभागृह थंड पडत चाललं होतं, मागच्या रांगेतला एक जण जांभई देताना थेट त्याच्याकडे बघत होता, आणि मराठीत बोलताना त्रिविक्रमला एकाएकी जाणवलं की हे उदाहरण इतकी वर्षं आपण भाषांतर करून वापरत होतो. मूळ इथे, आज, पहिल्यांदाच वापरता येईल.

"आमचे वडील," तो म्हणाला होता, "टेलिफोनच्या कारखान्यात होते. आयुष्यभर लाइनी तपासल्या. अजून तपासतात. रोज संध्याकाळी मला फोन करतात." मग त्याने हात कानाशी नेला, मान थोडी पुढे काढली, आवाज नाकात चढवला. हॅलो, विकू? आवाज येतोय? स्पष्ट? आणि मग थांबला. तो थांबा त्याने छान ताणला. सगळं सभागृह पुढे झुकून वाट बघायला लागलं, आता म्हातारा काय सांगणार. आणि त्यावर, "सरी. ठेवतो." छप्पर उडालं. प्रतापराव खुर्चीवरून घसरले, पुढच्या रांगेतल्या शाली गदगदल्या, मागच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. "नळ उत्तम," त्रिविक्रम म्हणाला, "गळती नाही, खरखर नाही. फक्त त्यातून पाणी येत नाही." नंतर वड्यांच्या टेबलाशी लोकांनी आग्रह केला म्हणून त्याने नक्कल पुन्हा करून दाखवली. पुन्हा, म्हणजे हातात चटणीची वाटी होती तरीही. हे आठवून आता त्याला ओट्याशी उभ्या उभ्या कानशिलं तापल्यासारखी वाटली.

त्याची बायको सुखदा आली तेव्हा ओट्यावर दुधाची साय वाळत होती. ती दातांची डॉक्टर. दिवसभर तिच्याशी संबंध येणाऱ्यांची तोंडं सताड उघडी असतात आणि बोलता कोणालाच येत नाही, त्यामुळे घरी आल्यावर तिला माणसांनी चटकन आणि सरळ बोललेलं आवडायचं. "फोन नाही आला अण्णांचा," तो म्हणाला. "बरे आहेत ना?" तिने पर्स ठेवता ठेवता विचारलं. बरे होते. त्याची खात्री त्याने करून घेतली होती. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर अण्णांनी सकाळी सूर्यफुलासह सुप्रभात म्हटलं होतं, दुपारी कोणाच्या तरी नातीला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या, आणि नळाच्या पाण्याबद्दल प्रतापरावांशी वादही घातला होता. अण्णा धडधाकट होते आणि सगळ्या बंगळुरूशी बोलत होते. फक्त त्याच्याशी बोलत नव्हते. आणि त्याच गटावर, सुप्रभाताच्या जरा वर, आयटीतल्या एका मुलाने टाकलेला रविवारच्या भाषणाचा व्हिडिओ होता, आणि व्हिडिओखाली अण्णांचा अंगठा होता.

त्या अंगठ्याने त्रिविक्रमची रात्र खाल्ली. पिवळा, गुबगुबीत, वर उभा. चिन्हांच्या अर्थावर त्याचे तीन शोधनिबंध होते, एक तर पाठ्यपुस्तकात लागलेला, पण या अंगठ्यापुढे तिन्ही उताणे पडले. छान झालं, असा अंगठा? पाहिलं बरं का, असा? की अण्णा आलेल्या प्रत्येक गोष्टीला अंगठा देतात, मृत्यूच्या बातमीलासुद्धा, तसा? गेल्या वर्षी कोणाची तरी आई गेली तेव्हाही त्यांनी अंगठा दिला होता आणि सुखदाने फोन करून तो काढायला लावला होता. व्हिडिओ अण्णांनी पूर्ण पाहिला का? की सुरुवात पाहून अंगठा दिला आणि जेवायला उठले? म्हाताऱ्या माणसाला एवढं लांब भाषण थोडंच झेपणार. ही शक्यता त्याने घट्ट धरून ठेवली. मग त्याला आठवलं की अण्णांना झेपत नाही असं काही नसतं. निवृत्तीनंतर त्यांनी कन्नड वर्तमानपत्रातली बाजारभावांची पानंसुद्धा शेवटपर्यंत वाचायला घेतली होती, कारण छापलंय तर वाचायला हवं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्याने दूध लावलं आणि फोन ओट्यावर उताणा ठेवला. फोन आला नाही. नेटवर्क असेल, तो स्वतःशी म्हणाला. तिकडे मेट्रोच्या खांबांमुळे असतं कधीकधी. तिसऱ्या दिवशी, पैसे भरायचे राहिले असतील. मग, जपाची वेळ बदलली असेल. अण्णा जप करत नाहीत हे ठाऊक असूनही. आपण अगदी पुस्तकातल्यासारखं वागतो आहोत हे त्याला कळत होतं. चौकटीत न बसणारी गोष्ट समोर ढळढळीत दिसतेय आणि आपण ती पलंगाखाली ढकलतोय. वर्गात हे शिकवताना तो जुन्या शास्त्रज्ञांवर किती हसायचा! आंधळे होते की काय, म्हणायचा. दूध तीनदा उतू गेलं. "अरे," सुखदा शेगडी घासता घासता म्हणाली, "मग तू कर ना फोन."

हे वाक्य त्रिविक्रमला फारच सोपं वाटलं. तो फोन घेऊन बाल्कनीत गेला. खाली एक रिक्षावाला कोणाला तरी "स्वल्प अडजस्ट माडि", जरा सांभाळून घ्या, म्हणत होता. त्याने अण्णांचं नाव काढलं आणि मागचे फोन बघायला अंगठा वर सरकवला. अण्णा, आलेला. अण्णा, आलेला. अण्णा, आलेला. तो सरकवत राहिला. महिने मागे गेले, दिवाळी गेली, गणपती गेले. बाहेर जाणारा बाण एकही नव्हता. पंगत, पंगत म्हणून ज्याने चार खंडांतल्या परिषदा गाजवल्या, घेणारा हा कधीच निष्क्रिय नसतो यावर ज्याने एक सबंध पुस्तक लिहिलं, तो स्वतः आई गेल्यापासून नळाखाली ठेवलेल्या बादलीसारखा बसून होता. त्याला आधी हसू आलं. मग ते पुरतं यायच्या आत थांबलं. बरं, करावा फोन. पण उचलल्यावर बोलायचं काय? 'हॅलो अण्णा, आवाज येतोय?' हे तर बोलून चालणार नव्हतं. ते त्यांचं होतं. आता तर ते आपल्या नकलेचंही होतं. दुसरं वाक्य त्याच्यापाशी नव्हतं. संवादशास्त्राच्या प्राध्यापकाने बाल्कनीत उभं राहून वडिलांशी बोलायचं पहिलं वाक्य मनात जुळवून बघितलं, खोडलं, पुन्हा जुळवलं, आणि सुखदाने जेवायला हाक मारली तेव्हा सुटल्यासारखा आत गेला.

म्हणून तो प्रत्यक्षच निघाला. समोरासमोर पहिलं वाक्य लागत नाही, दार उघडलं की माणूस आपोआप 'ये' म्हणतो, असा त्याचा हिशेब. बनशंकरीला मेट्रो पकडली, मॅजेस्टिकला गर्दीतून दुसऱ्या मेट्रोत शिरला. वरच्या कडीला लोंबकळत तो माफीची तयारी करायला लागला. अण्णा, ते एक उदाहरण होतं. अण्णा, खरं तर त्यात तुमचा गौरवच होता. हे खोटं होतं. अण्णा, मी चुकलो. हे खरं होतं, पण एवढं उघडं वाक्य त्यांच्या घरात कोणी कधी बोललेलं नव्हतं. त्यांच्या घरात बोलायचं काम आईकडे होतं. प्रेमाबाई बोलायच्या. दुधवाल्याशी, तुळशीशी, रेडिओतल्या निवेदकाशी, अर्धं मराठी अर्धं कन्नड. त्रिविक्रम लहान असताना अण्णा कारखान्यातून बाद झालेले रिसीव्हर घरी आणायचे, स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत तार ओढायचे, आईला एका टोकाला उभी करायचे आणि स्वतः दुसऱ्या टोकाला बसून गंभीरपणे विचारायचे, आवाज येतोय? आणि आई म्हणायची, "अहो, इथे समोर तर बसलाय, येणार नाही तर काय!" "फोनमधून येतोय का ते सांग." "मला काय ठाऊक कुठून येतोय, तुमचाच आहे एवढं कळतंय." अण्णा कपाळाला हात लावायचे. आई हसायची आणि तव्यावरचं थालीपीठ उलटायला जायची.

त्याला हे आठवून बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्यात तो बेसावध राहिला. कारण त्याच्या मागोमाग दुसरं आठवलं. तो शिकायला पुण्यात होता तेव्हाचं, आणि नंतरचंही, लग्न झाल्यावरचं, आई जाईपर्यंतचं सगळं. घरून फोन यायचा. तेव्हाही दिवेलागणीलाच. फोन अण्णाच लावायचे, आईच्या हातून आकडे चुकतात म्हणून. आवाज येतोय? स्पष्ट? आणि मग तोंडापासून रिसीव्हर लांब नेऊन, बाजूला बघत म्हटल्यासारखं, बारीक आवाजात, "हं, घे." मग बांगड्या रिसीव्हरवर वाजायच्या आणि आई सुरू व्हायची, ती तास तासभर. अण्णांचा फोन कधी अण्णांचा नव्हताच. ते लाइन लावून द्यायचे. ज्या फोनला तो गेली काही वर्षं फोन समजत होता, तो फोनचा पहिला तुकडा होता. पुढचा गेला होता. आणि मध्ये जो थांबा होता, जो त्याने मंडळात एवढा सुरेख ताणला होता, ज्यावर प्रतापराव खुर्चीवरून घसरले होते, तो थांबा 'घे'चा होता.

त्रिविक्रमने कडी घट्ट धरली. हे आपण विसरलो कसे? विसरलो, तेही अर्धंच. थांबा बरोब्बर लक्षात राहिला, क्षणाचाही फरक न करता, आणि तो कशाचा हे गेलं. त्याला लाज वाटली. अशी लाज त्याला शाळेत पँट ओली झाली तेव्हा वाटली होती, त्यानंतर आजच. समोर बसलेल्या मुलीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, कानातली बोंडं काढली आणि "सर, कूतकोळ्ळि" म्हणत उठून त्याला जागा दिली. मेट्रोत त्याला कोणी जागा द्यायची ही पहिलीच वेळ होती. एरवी त्याचा अपमान झाला असता. आज तो निमूट बसला.

दार उघडून अण्णा 'ये' म्हणाले नाहीत. "तू?" ते म्हणाले. "आज कॉलेज नाही?" अंगात बनियन, खांद्यावर पंचा. आत टीव्हीवर कन्नड बातम्या मोठ्याने चालू होत्या, बघायला कोणी नव्हतं. टेबलावर भिजवलेल्या अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, दाण्यांचं पातेलं होतं आणि अण्णा परत जाऊन बसले व एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून सोलून काढायला लागले. आईच करायची हे काम थंडीच्या दिवसांत. अण्णांच्या हातून अर्धे दाणे चेंगरत होते. त्रिविक्रम समोर बसला आणि त्यानेही एक दाणा उचलला. तो चिमटीतून सुटून टीव्हीच्या खाली गेला.

"भाषण पाहिलं," अण्णा म्हणाले.

"अण्णा, मी चुकलो." तयारी केलेलं सगळं बाजूला राहून तेच उघडं वाक्य बाहेर आलं.

"काय चुकलास? हशा चांगला आला. मी दोनदा पाहिलं. नक्कल तू छान केलीस." ते दाणे सोलत राहिले. "त्यानेच तर घोटाळा झाला."

"कसला?"

"फोन लावायला घेतला. लावायच्या आधी मनात म्हणून बघतो ना मी, हॅलो, विकू, आवाज येतोय. तर ते तुझ्यासारखं वाटायला लागलं. म्हणजे मी तुझी नक्कल करतोय असं. दुसऱ्या दिवशी परत बघितलं. तेच. आता माझंच वाक्य, आणि मलाच म्हणता येईना." अण्णा हसले, पण ते हसू फार टिकलं नाही. "म्हटलं, दुसरं काही शोधू. सापडलं नाही. मला तेवढं एकच येत होतं."

जुनी चौकट कितीही मोडकळीला आली तरी नवी हाती आल्याशिवाय कोणी ती सोडत नाही, असं त्रिविक्रमच्या भाषणात एक ठाम वाक्य होतं. त्याच्या समोर एक माणूस बसला होता ज्याची जुनी त्याने चारचौघांत हसण्यावारी नेली होती आणि ज्याच्या हाती नवी काहीच नव्हती. "मला वाईट वाटतंय, अण्णा," तो म्हणाला. "खूप वाईट वाटतंय."

"मधला थांबा मात्र तू ताणलास," अण्णा म्हणाले. "मी एवढा थांबत नाही."

"थांबता."

"एवढा नाही."

"तुम्ही फोन आईला द्यायचात," त्रिविक्रम म्हणाला. "मी विसरलोच होतो. येताना मेट्रोत आठवलं."

अण्णांचे हात थांबले. टीव्हीवरचा माणूस कुठल्याशा पुलाबद्दल ओरडत होता. "तोंडात येतं अजून," ते म्हणाले. "घे, असं. येऊन उभंच राहतं. मग ते गिळतो आणि ठेवतो. गिळायला लागतो तेवढाच थांबतो मी. जास्त नाही."

त्रिविक्रमला रडू आलं. त्याने ते लपवायला पातेल्यात हात घातला, आणि अण्णांनीही सभ्यपणे पुलाच्या बातमीकडे पाहिलं. दोघांनी मिळून बरेच दाणे चेंगरले.

"एक विचारू?" अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज असा झाला होता की जणू ते वरिष्ठाकडे रजा मागत आहेत. "ती काय बोलायची रे एवढं?"

"म्हणजे? तुम्ही तिथेच असायचात ना?"

"छे. मी बाहेर जाऊन उभा राहायचो. लाइन लावून दिली की आपण बाजूला व्हायचं. ग्राहकाचं बोलणं ऐकायचं नाही. कारखान्यात पहिल्या दिवशी शिकवलं होतं आम्हाला."

"आई काय ग्राहक होती?"

"लाइनवर असली की ग्राहकच." ते ठाम होते. "पावसात छत्री घेऊन उभा राहिलोय, पण ऐकलं नाही."

"विचारलं नाहीत कधी तिला?"

"विचारायचो. काही नाही हो, असंच, म्हणायची." अण्णा पंच्याच्या टोकाशी चाळा करायला लागले. "तासभर असंच कसं असेल? मला आपलं राहून राहून वाटतं. आता कोणाला विचारणार. तुलाच ठाऊक."

त्रिविक्रमने आठवायचा प्रयत्न केला. तो त्या तासांत पेपर तपासायचा. फोन खांद्यात धरून, हं हं करत, लाल पेनाने दुसऱ्यांच्या चुका खुणावत. एवढ्या वर्षांचं बोलणं त्याच्या कानावरून गेलं होतं, आणि आता वडील समोर हात पसरून बसले असताना त्याला वाटलं, काही उरलं नसणार. पण उरलं होतं. तो स्वतः न बघता ते आत पडून राहिलं होतं. त्याला एक वाक्य आठवलं, मग त्याला लागून दुसरं, मग आईचं मध्येच श्वास घेणं. आणि हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की त्या तासातला बहुतेक वेळ एकाच विषयावर जायचा.

"तुमच्याबद्दल," तो म्हणाला.

"माझ्याबद्दल?"

"तुमच्याबद्दलच. तुम्ही काय केलंत, काय खाल्लंत, काय म्हणालात. तुम्ही फार म्हणत नव्हता, तर तुम्ही काय म्हणाला असतात, ते."

"तक्रारी असतील," ते म्हणाले.

"तक्रारी होत्या. भरपूर होत्या. पण तेवढंच नव्हतं."

"स्वल्प थांब." अण्णा उठले. पंच्याला हात पुसले, टीव्ही बंद केला, पातेलं उचलून टेबलाच्या कडेला सारलं. मग खुर्ची ओढत ओढत त्याच्या इतक्या जवळ घेऊन बसले की त्यांचे गुडघे त्याच्या गुडघ्यांना लागले.

"हं," ते म्हणाले. "आधी तक्रारी सांग."